पाचव्या दिवसाचा निळा

सकाळी 8. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की आधी कान देतो तो हवेच्या पंपाकडे. माशांच्या टाकीला लावतात तसला छोटा पंप. बुडबुड ऐकू आली आणि जीव भांड्यात पडला. परिचर भाऊंनी बीकर खिडकीपाशी धरलं. "आज रंग आला नं सर!"

आलाय खरा. पाचव्या दिवशी. बीकरमध्ये चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाची वस्त्रगाळ पूड, पाणी, ग्लायसिन आणि थोडा कॉस्टिक सोडा. ग्लायसिन म्हणजे आपल्या प्रथिनांतलं सर्वांत लहान अमिनो आम्ल, चवीला गोडसर. ते तांब्याला धरून पाण्यात आणतं आणि पाणी निळं होतं. खनिज मलाजखंडचं, गोंदियापलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातलं. आपल्या वाशीमखाली सगळा काळा बेसॉल्ट.

9 वाजता पीएच पाहिला. काल संध्याकाळी 10.5 होता, आज 9.8. खनिजातल्या गंधकाचं सल्फेट होताना ते अल्क खात जातं. थेंबथेंब सोडा घालून पुन्हा वर आणला, उडालेलं पाणी भरलं. या पद्धतीचा खरा खर्च इथे आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो नोंदवहीत मांडलाच पाहिजे असा माझा हट्ट असतो.

11 ते 1 बीएस्सीचं प्रात्यक्षिक.

दीड वाजता डबा खाताना एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, एवढे दिवस घालवण्यापेक्षा भट्टीत का नाही टाकायचं?" प्रश्न रास्त आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या 37व्या राज्यवर्षी वत्सगुल्मातून, म्हणजे याच वाशीममधून, दानपत्र दिलं, त्या ताम्रपटांचं तांबंही भट्टीतूनच आलं असणार. पण मलाजखंडच्या शंभर किलो दगडात तांबं जेमतेम किलोभर. आधी दळून, तरंगवून ते दाट करायचं, मग 1200 अंशांच्या वर तापवायचं. गंधकाचा डायऑक्साइड निघतो, तो पकडून सल्फ्युरिक आम्ल करावं लागतं. हलक्या खनिजाला एवढा खटाटोप परवडत नाही. थेट सल्फ्युरिक आम्लात भिजवावं, तर चाल्कोपायराइटच्या कणांवर साय धरते, काम अडतं, शिवाय लोखंडही विरघळतं. आमच्या बीकरमध्ये लोखंड तळाशी तांबूस गाळ होऊन बसतं. वेळ मात्र लागतो. तांब्याच्या सल्फाइडांत चाल्कोपायराइट सगळ्यांत हट्टी.

3 वाजता चमचाभर निळं पाणी काढून आम्लात घेतलं, पोटॅशियम आयोडाइड, हायपो, शेवटी स्टार्च. किती तांबं उतरलं याचं अनुमापन त्या विद्यार्थिनीनेच केलं. तीन वाचनं जुळेपर्यंत तिला उठू दिलं नाही.

सव्वाचारला दिवसातलं महत्त्वाचं काम. मागच्या खेपेचं गाळलेलं निळं पाणी धूरकपाटात ठेवून त्यात सोडियम सल्फाइडचे मोजके थेंब. काळा साका बसला, तेच तांबं. वरचं पाणी जवळजवळ रंगहीन. हे ग्लायसिन पुन्हा वापरायचं. बाटलीवर लिहिलं, "फेरी 3". द्रावक विषारी नाही एवढ्यावर मी त्याला हिरवं, म्हणजे पर्यावरणस्नेही, म्हणत नाही. ते किती वेळा परत येतं, ते मोजल्यावर म्हणेन.

भाऊ निघायच्या घाईत होते. संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावायची होती: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. "सर, या निळ्याचं मोरचूद होईल का?" होईल, म्हटलं, त्या काळ्या साक्यापासून. तो मी त्यांच्यासमोर वाळत ठेवला.

6 वाजता पीएच 10.4. पंप चालू ठेवून कुलूप लावलं.