मुखव्रण, आवर्ती
गाल, ओठ व जीभ यांच्या अस्तरावर पुनःपुन्हा उठणारे लहान, वेदनायुक्त व्रण. यालाच ‘तोंड येणे’ म्हणतात. हे व्रण सांसर्गिक नसून बहुधा ७ ते १४ दिवसांत भरून येतात. मुखातील स्ट्रेप्टोकॉकस सूक्ष्मजंतूंना पूर्वी कारण मानीत. परंतु ते सिद्ध झाले नाही. रुग्णांच्या मुखातील व आतड्यातील सूक्ष्मजंतुसमूहांत काही अभ्यासांत बदल आढळले. तथापि ते कारण की परिणाम, हे अनिर्णित आहे. काही रुग्णांत लोह, फॉलिक अम्ल किंवा ब१२ जीवनसत्त्व यांची न्यूनता असते, ती तपासावी. हरिहरेश्वर–श्रीवर्धन किनाऱ्यावर सुपारी पिकते. ती सतत चघळणाऱ्यांच्या तोंडाची आग हे मात्र वेगळ्या, कर्करोगपूर्व विकाराचे लक्षण असू शकते. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण तज्ज्ञास दाखवावा.