मासा कुठला, पाणी कुठलं?

पाळलेल्या कुत्र्याला मासा द्यावा का, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक सांगतं की मासा म्हणजे कुत्र्याला अमृत: केस तुकतुकीत होतात, खाज थांबते, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे मोकळे होतात. दुसरं बजावतं की कच्चा मासा खाऊन कुत्रा आठवड्या-दोन आठवड्यांत दगावतो. गंमत अशी की दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण वेगवेगळ्या पाण्यांवरची. पुण्या-मुंबईतल्या घरापर्यंत ती पोचतात तेव्हा त्यांचा पत्ता वाटेतच कुठेतरी गळून पडलेला असतो. मग अमेरिकेतल्या नदीची भीती आपण बांगड्याला लावतो आणि ध्रुवाजवळच्या कुत्र्याचं कौतुक सोफ्यावर झोपणाऱ्या लॅब्रॅडॉरला. माशाच्या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, स्थानिक उत्तर आहे. मासा कोणता, तो कुठून आला, कसा शिजला आणि खाणारा कुत्रा दिवसभर करतो काय, एवढं कळल्याशिवाय ‘द्यावा’ किंवा ‘देऊ नये’ म्हणण्यात अर्थ नाही.

कुत्रा आणि मासा यांची सोयरीक जुनी आहे. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर सापडलेल्या मध्याश्मयुगीन कुत्र्यांच्या हाडांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून ती कुत्री मुख्यतः समुद्रातलं अन्न खात होती असं दिसतं. कोळ्यांच्या वस्तीतलं कुत्रं कोळ्यांचंच खाणार, त्यात नवल काही नाही. कामचाटकात सॅल्मन वाळवून केलेली ‘युकोला’ माणसं आणि गाडी ओढणारी कुत्री दोघंही खात. उन्हाळ्यात कुत्र्यांना मोकळं सोडत आणि ती नदीत उतरून स्वतःच मासे धरत, अशी वर्णनं अठराव्या शतकातल्या रशियन प्रवाशांनी केली आहेत. अलास्कातल्या युकॉन नदीत चम नावाचा सॅल्मन येतो, त्याला तिकडे चक्क ‘कुत्रा सॅल्मन’ म्हणतात. कुत्र्यांसाठी वाळवून ठेवतात म्हणून हे नाव, असं एक मत. प्रजननाच्या काळात नराला सुळे येतात म्हणून, असं दुसरं. हिवाळाभर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा तिथला शिधा पिढ्यान्‌पिढ्या याच माशावर चालला, एवढं मात्र निर्विवाद.

माशाचे कैवारी हाच दाखला पुढे करतात: ती कुत्री नुसत्या माशावर जगली, तर आमच्या कुत्र्याला काय धाड भरली? पण बर्फात ओझं ओढणाऱ्या कुत्र्याला ऊर्जा लागते ती घरातल्या कुत्र्याच्या कितीतरी पट, म्हणून माशाची चरबी त्याच्या अंगी लागते. शिवाय त्याला नुसते पांढरे तुकडे मिळत नव्हते. डोकं, कातडी, काटे यांतलं बरंच काही त्याच्या वाट्याला येई. तिसरी गोष्ट जनुकांची. पिष्ट पचवणारं विकर बनवण्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडतात, असं २०१३ साली स्वीडिश संशोधकांनी दाखवलं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की शेती करणाऱ्या माणसांबरोबर वाढलेल्या कुत्र्यांत या प्रती जास्त आणि ध्रुवप्रदेशातल्या कुत्र्यांत कमी. म्हणजे हस्कीचं ताट आपल्या गावठी कुत्र्याला लावण्यात शहाणपण नाहीच, उलट कोकणातल्या कुत्र्यापुढे येणारा भात-मासा वाटतो तितका अडाणी नाही.

आता भीतीकडे वळू. उत्तर कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टनपर्यंतच्या किनारपट्टीत कच्चा सॅल्मन किंवा ट्राउट खाल्लेल्या कुत्र्याला पाच-सात दिवसांत ताप, उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि उपचार झाले नाहीत तर दहातली नऊपर्यंत कुत्री मरतात. विष माशाचं नसतं. माशाच्या अंगात एक बारीक चपटा कृमी असतो, कृमीच्या आत एक जिवाणू, आणि रोग होतो तो या जिवाणूमुळे. कृमीला वाढायला एका विशिष्ट जातीची गोगलगाय लागते. ती जिथल्या ओढ्यांत राहते, हा रोगही मुख्यतः तिथलाच. मासा शिजवला की धोका संपतो, आणि वेळेत ओळखला तर टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांनी कुत्रा बराही होतो. इतकी बांधीव साखळी असलेला रोग ‘मासा कुत्र्याला मारतो’ या तीन शब्दांत जगभर फिरतो, आणि मालवणातला माणूस उकडलेली तारली कुत्र्यापुढे ठेवताना बिचकतो.

कच्च्या माशाचा दुसरा धडा मात्र गोगलगायीवर अवलंबून नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या फार्मवरच्या कोल्ह्यांना लुळेपणा येऊन ते मरू लागले. त्यांच्या खाद्यात कच्चा कार्प मासा मिसळला जात होता. शोधाअंती कळलं की कार्पसारख्या काही माशांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडून टाकणारं विकर असतं. कोल्हे खात होते पोटभर आणि मरत होते जीवनसत्त्वाच्या उपासमारीने. या आजाराला आजही चॅस्टेकचंच नाव आहे. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला, तेव्हा हा इशारा सॅल्मनच्या इशाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचा. कार्पच्याच कुळातले रोहू-कटला आपल्या बाजारात रोज असतात, आणि हेरिंग कुळातल्या अनेक माशांतही हे विकर आढळतं. उष्णतेने ते निकामी होतं. ‘निसर्गात कुत्रा शिजवून खातो का?’ हा कच्च्या आहाराच्या भक्तांचा आवडता सवाल आहे. त्याला उत्तर एवढंच की निसर्गात कुत्रा रोज एकाच जातीचा मासाही खात नाही.

फायद्यांचा पुरावा आहे आणि बऱ्यापैकी भक्कम आहे, पण तोही नीट वाचावा लागतो. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ दवाखान्यांतली संधिवाताची १२७ कुत्री होती. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ने समृद्ध खाद्य मिळालेल्या कुत्र्यांचं उठणं-बसणं, खेळणं, चालणं सुधारल्याचं मालकांनी नोंदवलं. संशोधकांत पशुखाद्य कंपनीची माणसं होती हे ध्यानात ठेवावं. आणि हेही की ते मोजून-मापून बनवलेलं खाद्य होतं, रविवारी उरलेली बांगड्याची शेपटी नव्हे. खाजेचं तसंच. २०१६ साली २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा अन्नाच्या ॲलर्जीत गोमांस ३४ टक्के, दुग्धपदार्थ १७ आणि कोंबडी १५ टक्के निघाली. मासा अवघा २ टक्के. म्हणून खाजऱ्या कुत्र्याला डॉक्टर मासा सुचवतात. पण ॲलर्जी त्याच अन्नाची होते जे शरीराला आधी भेटलेलं असतं. कोंबडीवर वाढलेल्या नागपूरच्या कुत्र्याला मासा ‘नवा’ आहे; वेसाव्याच्या कुत्र्याला नाही. एकच औषध, पण गाव बदललं की लागू पडेलच असं नाही.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात मोठा आक्षेप कोळीवाड्यातूनच येतो: बंदरावरची कुत्री जन्मभर कच्ची मुंडकी आणि काटे खातात, त्यांना काही होत नाही. होतं, आपण मोजत नाही इतकंच. घशात काटा रुतून मेलेलं कुत्रं जेटीवर पुन्हा दिसत नाही, आणि जे दिसतं तेच आपल्याला पुरावा वाटतं. शिंगाळ्याच्या कल्ल्यांजवळचा दातेरी काटा कोळीण स्वतः हातभर लांब धरून मोडते. केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, त्याच्या विषामुळे जाळ्यातून बाहेर फेकला जातो आणि वाळूत पडतो, आणि ते विष शिजवूनही जात नाही. बांगडा, कुपा यांचंही एक आहे. उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन साचतं, तेही उकळल्याने नाहीसं होत नाही. तेव्हा ‘आपल्याला नको, कुत्र्याला चालेल’ हा न्याय शिळ्या भाकरीला एक वेळ लावावा, शिळ्या बांगड्याला नको.

त्यातही घरातला खरा धोका माशात नसून कालवणात असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतात. मीठ, तिखट वेगळंच. प्रेमाने भात कालवून दिलेला तो रस्सा बिचाऱ्या माशाच्या नावावर खपतो. खारवलेला बांगडा तर कुत्र्याला देऊच नये. मोठ्या शिकारी माशांची, मोरी, मोठी सुरमई, कुपा यांची, गोष्ट पाऱ्याची. एका माशाने दुसऱ्याला खाल्लं की पारा वरच्या पायरीवर साठत जातो. माणूस आज सुरमई, उद्या मेथी खातो. पाळीव जनावरापुढे मात्र रोज तेच येतं. जपानमध्ये मिनामाता इथे १९५०च्या दशकात पाऱ्याचा विळखा माणसांच्या आधी मासे खाणाऱ्या मांजरांत दिसला होता, तो यामुळेच.

मग द्यायचं काय? लहान मासा: तारली, बांगडा, बोंबील. ताजा, मीठ न घालता उकडलेला, काटे काढलेला. खाऊ म्हणून देत असाल तर दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाबाहेर जाऊ नये, असं पशुवैद्यक सांगतात. रोजचं जेवणच माशाचं करायचं असेल तर नुसता गर पुरत नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, आणि वाढत्या पिल्लाची हाडं याची किंमत मोजतात. तारली कुकरमध्ये बराच वेळ शिजवली की काटे डब्यातल्या सार्डिनसारखे बोटाने चुरडतात आणि कॅल्शियमचा थोडा प्रश्न सुटतो. पूर्ण सुटत नाही. पाकिटातलं संतुलित खाद्य मुख्य आणि मासा जोडीला, हे अनेक घरांना झेपणारं गणित आहे. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप पोषणाचा नाही, न्यायाचा आहे: माणसांना मासा परवडत नसताना कुत्र्याला का? नुसत्या मांजरांच्या खाद्यासाठी जगात वर्षाला सुमारे २५ लाख टन लहान मासे खर्ची पडतात, असा अंदाज २००८ साली दोन संशोधकांनी मांडला होता. आणि लहान मासा अक्षय नाही. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. त्याच २०२१ साली युकॉनवर चम इतका कमी आला की पोटापुरती मासेमारीही बंद करावी लागली, आणि ‘कुत्रा सॅल्मन’च्या देशात कुत्र्यांना दुसरं अन्न शोधायची पाळी आली. या आक्षेपाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. पापलेट-रावस कुत्र्यासाठी विकत घेणं ही निव्वळ हौस आहे, कुत्र्याला तिची गरज नाही. पण घरात मासा येतोच त्या दिवशी कापताना उरलेलं, एरवी कचऱ्यात जाणारं, शेपटीकडचं मांस आणि पोटाची कड बिनमिठाची उकडून ठेवली तर कोणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्याचा जुना उपाय आहेच: दोऱ्यांवर बिनमिठाचा वाळवलेला बोंबील. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे सुका तुकडा दिसतो तेवढा लहान नसतो. रेती जाईपर्यंत धुवावा, भिजवावा, उकडावा आणि मधला काटा ओढून काढावा. विकत घेताना जिभेला लावून पाहावा. खारट लागला तर तो माणसांच्या चटणीसाठी.