वेगविक्रमी मोटारीतील द्रववाहिन्यांचे संरक्षण

वेगविक्रमी मोटारीतील द्रववाहिन्यांचे संरक्षण म्हणजे जमिनीवरील वेगाच्या विक्रमासाठी बांधलेल्या मोटारीतील इंधन, वंगण तेल, शीतक आणि ब्रेक द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या उष्णता, कंप, घर्षण, फुटलेल्या भागांचे तुकडे आणि अपघाताचा आघात यांपासून सुरक्षित ठेवण्याच्या पद्धती होत. अशा मोटारी प्रामुख्याने अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर धावतात. भारतात या प्रकारच्या स्पर्धेची परंपरा नाही. मात्र हीच तत्त्वे येथील विद्यार्थी-शर्यतींच्या नियमांत आढळतात.

धोक्याचे स्वरूप

ताशी 650 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 180 मीटर अंतर कापते. त्यामुळे गळती चालकाच्या लक्षात येईपर्यंत मोटार बरीच पुढे गेलेली असते. गळणारे इंधन तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास पेट घेते, आणि तेल मागच्या चाकाखाली आल्यास पकड सुटून मोटार गरकन फिरते. मिथेनॉल हे इंधन असल्यास आणखी एक अडचण असते: त्याची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. 1981 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत रिक मिअर्स यांच्या मोटारीला पिटमध्ये लागलेली आग हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

या मोटारी अतिशय निमुळत्या असल्याने चालक, टाकी, इंजिन आणि नळ्या एकमेकांना खेटून असतात. क्लच किंवा फ्लायव्हील फुटल्यास त्याचे तुकडे फिरण्याच्या प्रतलात बाहेर फेकले जातात. टायरचा सुटलेला पट्टा चाकाच्या खोबणीत चाबकासारखा फिरतो आणि तेथील नळी सहज तोडतो.

मार्ग आणि बांधणी

संरक्षणाचा पहिला भाग नळीचा मार्ग ठरवणे हा आहे. आवरण चढवण्याचा विचार त्यानंतर येतो. फ्लायव्हील, क्लच आणि चाके यांच्या फिरण्याच्या प्रतलातून नळी नेणे टाळतात. ते अटळ असल्यास ती जाड पोलादी नळकांड्यातून नेतात. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींचे नियमन करणाऱ्या एन.एच.आर.ए. या संस्थेच्या नियमांनुसार फ्लायव्हीलजवळून जाणारी, पोलादी विणीची नसलेली इंधननळी 16 इंच लांबीच्या आणि किमान अष्टमांश इंच जाडीच्या पोलादी नळीत असावी लागते. फ्लायव्हीलभोवतीचे स्कॅटरशील्ड नावाचे कवच वेगळे असते. दोन्ही असणे श्रेयस्कर, कारण कवच भेदले गेले तरी नळी वाचण्याची शक्यता राहते.

नळी पत्र्याच्या भिंतीतून जाते तेथे रबरी ग्रोमेट किंवा भिंतीला घट्ट बसणारा जोड वापरतात. इंजिन आणि चौकट यांच्यात हालचाल होत असल्याने त्यांच्यामधील भाग लवचीक ठेवून थोडी सैल लांबी सोडतात. ताणून बसवलेली नळी कंपामुळे प्रथम जोडापाशी तडकते.

पोलादी विणीची नळी सर्वांत सुरक्षित, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ही वीण कानशीसारखी असते. नळी मोकळी राहिल्यास ती शेजारचा ॲल्युमिनियमचा भाग, विजेची तार किंवा दुसरी नळी घासून कापते. शिवाय आतील रबर म्हातारे होऊन भेगाळले तरी बाहेरून काही दिसत नाही. म्हणून अशी नळी ठरावीक अंतरावर गादी असलेल्या क्लिपांनी बांधतात आणि नियमितपणे बदलतात. बॉनव्हिलचे मीठ साध्या पोलादी नळ्यांना व जोडांना झपाट्याने गंज चढवते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत वाहने वापरणाऱ्यांना हा अनुभव परका नाही.

अग्निरोधक आवरण सहसा काचतंतूंचे असते आणि त्यावर सिलिकॉनचा थर असतो. ते आग रोखत नाही, तर नळी जळण्यास लागणारा वेळ वाढवते, आणि तेवढ्या अवधीत चालकाने इंधन बंद करून मोटार थांबवणे अपेक्षित असते. आवरणाची टोके बंद न केल्यास गळलेले तेल आत मुरते आणि आवरणच वातीसारखे पेटते.

इंधनानुसार फरक

नळीचे द्रव्य इंधनाशी जुळणारे असावे लागते. डॅनी थॉम्पसन यांच्या चॅलेंजर 2 या मोटारीने 2018 मध्ये बॉनव्हिल येथे ताशी 448.757 मैलांचा विक्रम केला, तो नायट्रोमिथेन वापरून. 23 ऑक्टोबर 1970 रोजी गॅरी गॅबेलिच यांनी ताशी 622.407 मैल वेगाने चालवलेली ब्लू फ्लेम ही अग्निबाणावर चालणारी मोटार याहून अवघड होती. तिच्यात द्रवरूप नैसर्गिक वायू आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड होते. पहिल्याच्या नळ्या उणे 160 अंश सेल्सियसच्या आसपास आकसतात. दुसरे रसायन धूळ किंवा ग्रीसच्या संपर्कात आले तरी विघटित होऊन उष्णता व प्राणवायू सोडते. त्यामुळे तेथे नळीच्या आतील स्वच्छता हाच संरक्षणाचा भाग ठरतो. भारतात 2023 पासून विकल्या जाऊ लागलेल्या 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्यांच्या सुसंगतीचा प्रश्न सामान्य वाहनांपर्यंतही पोहोचला आहे.

ब्रेकच्या नळ्या

वेगविक्रमी मोटार उच्च वेगात मुख्यतः हवाई छत्रीने मंदावते. चाकांचे ब्रेक नंतर लागतात. तरीही द्रवाच्या ब्रेकची नळी तुटली की त्या मंडलाचा दाब नाहीसा होतो, म्हणून दोन स्वतंत्र मंडले ठेवतात. कल्याण-भिवंडी रस्त्याने कोनमधून जाणाऱ्या मालट्रकांचे हवेचे ब्रेक याच्या उलट वागतात. हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आवळले जातात.

महाराष्ट्रातील विद्यार्थी-संघ

मुंबई व पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरतात. या प्रकारच्या स्पर्धांच्या नियमांत टाकी ते इंजिन यांदरम्यान प्लॅस्टिकची इंधननळी आणि कवच नसलेली प्लॅस्टिकची ब्रेकनळी निषिद्ध असते. इंधननळी फिरत्या भागांच्या बिघाडापासून आडोशात असावी लागते, आणि चालक व इंधन, तेल, शीतक यांच्यामध्ये फायरवॉल आवश्यक असते. गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाणारी पेचाची ज्युबिली क्लिप इंधननळीवर चालत नाही, कारण तिच्या पट्टीतील खाचा रबर कापतात. त्याऐवजी गोल कडांची, नटबोल्टने आवळणारी क्लिप लागते. इंजिनाच्या शीतनासाठी केवळ साधे पाणी वापरावे लागते. ग्लायकॉल सांडल्यास धावपट्टी निसरडी होऊन मागून येणाऱ्या मोटारी घसरतात.