रक्तातील सूक्ष्मजंतू आणि रक्ताचा कर्करोग

रक्ताचा कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागतो काय, हा प्रश्न गोडादऱ्यातील पालक मला पुनःपुन्हा विचारतात. हा प्रश्न अडाणीपणाचा आहे, असे मी मानीत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीने सुरत सोडून जाणारे लोंढे ज्यांनी पाहिले, त्यांना संसर्गाचे भय शिकवावे लागत नाही. परंतु या भयापायी आजारी मुलाचे सवंगडी त्याच्यापासून दूर होतात. म्हणून उत्तर स्पष्ट द्यावयास हवे. ल्युकेमिया शिवल्याने, एका ताटात जेवल्याने वा खोकल्याने लागत नाही.

मग सूक्ष्मजंतूंचा या रोगाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो मोठा गुंतागुंतीचा आहे. १९५८ साली डेनिस बर्किट या शल्यविशारदाने युगांडातील मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले. लसिकापेशींच्या या कर्करोगाचा त्याने पुढे नकाशा काढला, तेव्हा तो हिवतापाच्या प्रदेशाशी जुळला. १९६४ साली एपस्टाईन, अचाँग व बार यांना या गाठींतील पेशींत एक विषाणू आढळला. नवल असे की, हाच विषाणू जगातील दहांपैकी नऊ प्रौढांच्या शरीरात जन्मभर निमूटपणे वास करतो. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात फॅल्सिपेरम हिवतापाचे हल्ले बालपणी वारंवार होतात. त्यामुळे प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या वंशातील पांढऱ्या पेशी सतत विभागत राहतात, विषाणूवरील पहारा सैल पडतो, आणि त्या धांदलीत एखाद्या पेशीतील आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्याला जाऊन चिकटतो. येथून पेशींच्या वाढीचा लगाम सुटतो. सुरतेत एकदोनदा हिवताप येऊन गेलेल्याने यावरून धास्ती घेण्याचे कारण नाही.

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही विषाणूबरोबर संप्रेरकांचा विचार करावा लागला होता.

मला अधिक काळजी वाटते ती उलट्या संबंधाची. केमोथेरपीनंतर जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी अत्यंत कमी होतात. आतड्याचे अस्तर दुबळे होते आणि तेथे एरवी निरुपद्रवी असणारे ई. कोलायसारखे जंतू रक्तात उतरतात. पू धरत नाही, कारण पू बनतो तो मुख्यतः याच पेशींचा. पुष्कळदा ताप हीच काय ती खूण. आपल्या वस्तीत ताप म्हणजे हिवताप, आणि औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या, असा परिपाठ आहे. (लूमवरची पाळी चुकली की मजुरी बुडते, हे मी जाणतो.) परंतु केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला १०१ अंश फॅरनहाइट ताप एकदा जरी आला, तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे जंतुसंवर्धनासाठी रक्त घेतात आणि शक्यतो पहिल्या तासातच शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात. संवर्धनाच्या अहवालास दोन-तीन दिवस लागतात, तोवर थांबता येत नाही. घरी आधीच एखादी गोळी दिली असेल, तर तिचे वेष्टन बरोबर न्यावे. ती गोळी प्रतिजैविकाची असल्यास रक्तात जंतू असूनही संवर्धनात ते न उगवण्याचा संभव असतो.