'संखार' : एक शब्द, अनेक अर्थ

आपल्याकडे कोणी वारले की अंत्यविधीच्या वेळी संखारांची अनित्यता सांगणारी पालि गाथा म्हटली जाते. ती अनेकांना पाठ असते. परंतु 'संखार' म्हणजे काय, असे विचारले तर कोणी 'संसार' सांगतो, कोणी 'संस्कारविधी'. विद्यार्थ्यांच्या मनातील हा घोटाळा दूर व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पालि 'संखार' म्हणजेच संस्कृत 'संस्कार' होय. 'सम्' म्हणजे एकत्र आणि 'कृ' म्हणजे करणे. अनेक गोष्टी जुळवून काही तयार करणे, हा मूळ अर्थ. 'संस्कृत' व 'संस्कृती' हे शब्दही त्याच धातूपासून आले. मराठीत संस्कार म्हणजे नामकरण, विवाह यांसारखे विधी आणि मनाला लागलेले वळणही.

पालि साहित्यात या शब्दाचे तीन अर्थ प्रामुख्याने आढळतात :

१) अनेक कारणांनी मिळून बनलेली प्रत्येक गोष्ट. देह, घर, डोंगर, राज्य हे सर्व संखार होत. गाथेत हाच अर्थ आहे.

२) रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांपैकी चौथा. येथे संखार म्हणजे चेतना, अर्थात मनातील हेतू, व इतर मनोवृत्ती.

३) प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांपैकी दुसरी. अविद्येमुळे काया, वाचा व मन यांनी घडणारे कर्म, ते येथे संखार.

हे अर्थ वेगळे दिसले तरी त्यांचे नाते सरळ आहे. मडके हे घडलेले. ते घडविण्याची कुंभाराची इच्छा ही घडविणारी. घडलेले तेही संखार आणि घडविणारे तेही संखार. कारणांनी न बनलेले ते 'असंखत', म्हणजेच निर्वाण.

कुसिनारा येथे तथागतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला, तो याच शब्दाने. संखार नाश पावणारे आहेत, म्हणून गाफील न राहता आपले ध्येय गाठा, असा त्याचा आशय. यातील पहिला भाग आपण दुःखाच्या वेळी आठवतो. दुसरा मात्र विसरतो.

जे कारणांनी बनले, ते कारणे बदलताच बदलते. प्रियजनाचा देह जातो, तसेच व्यसन, द्वेष आणि पिढ्यान्पिढ्या मनावर लादलेला न्यूनगंड हेही जाऊ शकतात. यापुढे ती गाथा म्हणताना डोळ्यांत पाणी जरूर येवो. पण तिच्यातील हा धीरही आपण सोबत न्यावा.