घर, रस्ता आणि गोंगाट

बंगळूरहून बल्लारीच्या हमरस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे गाव लागते. १५०१ साली मल्लबैरेगौडाने येथे मातीचा किल्ला बांधला. अठराव्या शतकात त्याची दगडी उभारणी झाली. आणि टिपू सुलतानाचा जन्मही याच गावचा. एरवी हे गाव ओळखले जाई ते पपनसांच्या बागांमुळे. मे २००८ मध्ये गावाशेजारी बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बघता बघता बागांच्या जागी घरांच्या रांगा आल्या. आम्ही महाराष्ट्रातून येऊन येथे घर केले ते मुख्यतः हवेसाठी. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे हे पठार. उन्हाळ्यातही रात्री खिडक्या उघड्या ठेवून निजावे अशी येथली हवा. पण घर रस्त्यावरचे, आणि उघड्या खिडकीतून हवा येते तशीच दुसरीही एक वस्तू येते, याचा विचार आम्ही केला नव्हता. येथले लोक तिला ‘गद्दल’ म्हणतात. आपण गोंगाट म्हणतो.

मला स्वतःला त्याची सवय झाली असती. पण घरात माझी वृद्ध आई आहे. तिला रात्री झोप लागेना, लागली तर टिकेना. रक्तदाब वाढू लागला तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि वर म्हणाले, “यांना गोळीपेक्षा झोपेची गरज अधिक आहे.” गोळी दुकानात मिळते, झोप कोठून आणावयाची? या प्रश्नाच्या मागे लागून गेल्या दोन वर्षांत मी जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे.

डोळ्याला पापणी आहे. कानाला निसर्गाने तशी काही सोय दिलेली नाही. आपण झोपतो तेव्हाही कान जागाच असतो. मोठा आवाज झाला की आपल्याला जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते आणि सकाळी उठल्यावर थकवा का वाटतो हे कळत नाही. असे वर्षानुवर्षे चालले तर रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोप खंडासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबेलच्या खाली असावा अशी शिफारस आहे. तेव्हा गोंगाटाची तक्रार करणारा मनुष्य नाजूक वा चिडखोर असतो, हा समज सोडून दिला पाहिजे.

ही तक्रार नवीनही नाही. ज्यूलियस सीझरच्या काळी रोममध्ये गर्दी फार झाली म्हणून गाड्यांना दिवसा बंदी घालण्यात आली. साहजिकच त्या रात्री चालू लागल्या, आणि पुढे जुव्हेनल या कवीने रोममध्ये झोप मिळत नसल्याचे गाऱ्हाणे आपल्या काव्यात मांडले. आज आपल्या मोठ्या शहरांत मालमोटारींना दिवसाच्या गर्दीच्या वेळी मज्जाव असतो, आणि त्याचे फळ शहराच्या वेशीवरच्या गावांना रात्री मिळते. लंडनमध्ये टॉमस कार्लाइलने १८५३ च्या सुमारास घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची एक आवाजबंद खोली पुष्कळ पैसा खर्चून बांधविली. अपेक्षित शांतता तिने त्याला दिली नाही. गणनयंत्राचा कल्पक चार्ल्स बॅबेज याने रस्त्यावर वाद्ये वाजविणाऱ्यांविरुद्ध चळवळ केली, आणि १८६४ साली त्यासाठी कायदाही झाला. पण चिडलेले लोक त्याच्या मागे हुर्यो करीत फिरत आणि मुद्दाम त्याच्या घरासमोर वाद्ये वाजवीत. एकाने भिंतीवर भरवसा ठेवला, दुसऱ्याने कायद्यावर. दोघांचेही उपाय चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते.

प्रथम भिंतीचा उपाय पाहू. त्यासाठी डेसिबेलचे गणित थोडे समजून घ्यावे लागते. हे माप साध्या बेरजेचे नाही. एकसारख्या आवाजाच्या दोन मोटारी एकाच वेळी घरासमोर उभ्या राहिल्या तर आवाज दुप्पट डेसिबेल होत नाही. तो केवळ तीन डेसिबेलने वाढतो. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. उलट बाजूने पाहिले तर रस्त्याचा आवाज दहा डेसिबेलने कमी करणे म्हणजे त्याच्या ऊर्जेचा नऊ-दशांश भाग बाहेर अडविणे होय. एवढे साधले तरी घरातल्या माणसाला तो निम्म्यावर आला असे वाटेल.

हे अडविण्याचे काम भिंत उत्तम करते, कारण ती जड असते. दगा देते ती खिडकी. आणि खिडकीतही काचेपेक्षा फट अधिक दगा देते. दीड चौरस मीटरची खिडकी घ्या. तिच्या एका कडेला दीड मीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद अशी फट राहिली, तर ती खिडकीच्या एक-शतांश होते. पण तेवढ्या फटीतून एक-शतांश ऊर्जा आत येतेच, आणि मग काच कितीही भारी बसविली तरी त्या खिडकीने वीस डेसिबेलहून अधिक आवाज अडणे शक्य नाही. म्हणून जाड काचेवर पैसे घालण्यापूर्वी चौकटीच्या फटी बुजवाव्यात आणि कडांना रबराच्या पट्ट्या लावाव्यात. दाराखालच्या फटीचाही विसर पडू नये. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पण रस्त्याचा आवाज तो फारसा अडवीत नाही. कुंपणालगतच्या झाडांच्या एका ओळीचेही तसेच. ती डोळ्यांना सुख देते, कानाला फार थोडे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय मात्र आम्हाला सर्वांत शेवटी सुचला. आम्ही आईची निजण्याची खोली बदलली. रस्त्याकडची खोली बैठकीची केली आणि मागील बाजूची तिला दिली. मध्ये दोन भिंती आल्या, आणि मागची खिडकी हवेसाठी उघडी ठेवता आली.

तरीही पहाटे तिला जाग येतच राहिली. तेव्हा मी एक वही घातली. पंधरा रात्री, आईला जाग येईल ती वेळ आणि त्या वेळी कोणता आवाज झाला, एवढेच तिच्यात लिहीत गेलो. ज्या महामार्गाला आम्ही रोज शिव्या देत होतो, त्याची अखंड घरघर तिला फारशी जागी करीत नव्हती. जागे करीत होते ते अकस्मात उठणारे आवाज. त्यांत दोन मुख्य निघाले. घराजवळच्या गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसून गेले होते. रात्री तो चालकांना ऐन वेळी दिसे, मग करकचून ब्रेक, भोंगा आणि रिकाम्या मालमोटारीचा खडखडाट. दुसरा आवाज मागील गल्लीतल्या दुधाच्या दुकानाचे लोखंडी शटर पहाटे पाचाला वर जाई त्याचा.

गतिरोधकासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला. दोन महिन्यांनी पट्टे रंगविले गेले; भोंगे कमी झाले, खडखडाट राहिला. शटरसाठी दुकानदाराकडे गेलो. माझे तोडकेमोडके कन्नड त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सार, अज्जींना झोप लागत नाही हे मला ठाऊक नव्हते. पण तुमची पाण्याची मोटार पहाटे साडेचारला सुरू होते, तिने आमचे मूल रोज उठते. तेही तुम्हाला ठाऊक नसेल.” मला ते खरोखरच ठाऊक नव्हते. मोटार त्याच्या भिंतीला लागून होती, आणि आमच्या खोल्यांत तिचा आवाज पोहोचत नसे. दोन वर्षे मी रस्त्याला दोष देत होतो, आणि तितकाच काळ एका घरासाठी मीच रस्ता झालो होतो. त्या दिवशी मोटारीखाली रबराच्या जाड गाद्या बसविल्या आणि पाणी चढविण्याची वेळ सकाळी सातची केली. त्याने शटरच्या खोबणीत वंगण घातले आणि ते दोन हातांनी सावकाश उचलू लागला.

सगळेच प्रश्न असे बोलून सुटत नाहीत, आणि तेथे कायदा हवाच. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. म्हणजे रात्री ऊर्जेच्या दृष्टीने दिवसाच्या दशांशच आवाज चालतो. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात रात्री, संकटाची वेळ सोडून, भोंगा वाजविण्यासही बंदी आहे, आणि कर्कश वा अनेक सुरांचा भोंगा वाहनाला बसविणे हाच मुळी नियमभंग आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणाच्या मुळाशी एक भीषण घटना होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. गोंगाट केवळ झोप मोडत नाही. हाक आणि कान यांच्यामध्ये तो उभा राहतो.

महाराष्ट्रातील श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना असे सांगितले आहे की, ध्वनिवर्धकाची तक्रार आल्यास तक्रारदाराची ओळख विचारीत बसू नये आणि ती कळली तरी उघड करू नये. बॅबेजच्या दारातली वाद्ये आठवली म्हणजे या सूचनेचे मोल कळते. तक्रार करताना मात्र दिवस, वेळ, स्थळ आणि आवाजाचे स्वरूप नेमके लिहावे. ‘फार त्रास होतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. पंधरा दिवसांच्या टिपणावर करू शकतो.

तरी कायदा प्रत्येक चौकात उभा राहू शकत नाही. मुंबई पोलिसांनी २०२० च्या आरंभी एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. काही चौकांतल्या सिग्नलला ध्वनिमापक जोडला होता. थांबलेल्या गाड्यांच्या भोंग्यांनी ८५ डेसिबेल ओलांडले की तांबड्या दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जो भोंगा वाजवी तोच अधिक वेळ थांबे. आपला आवाज आपल्यालाच भोगावा लागला म्हणजे तो किती आहे हे कळते. एरवी तो दुसऱ्याच्या घरी जातो आणि आपण मोकळे राहतो.

देवनहळ्ळीचा रस्ता आजही वाहता आहे. विमाने उतरतात, मालमोटारी जातात, आणि त्यांतले पुष्कळसे आमच्या हाती नाही. तथापि मध्यंतरी एके दिवशी आई सकाळी साडेसहाला बाहेर आली आणि म्हणाली, “आज त्या दुधवाल्याने दुकान उघडले नाही वाटते?” दुकान पाच वाजल्यापासून उघडे होते.