टोनआर्म : किमतीआधी गणित

टोनआर्मने सुई बसवलेले कार्ट्रिज घट्ट धरायचे असते आणि त्याच वेळी तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत विनाअडथळा सरकूही द्यायचे असते. या परस्परविरोधी मागण्यांत कोणी कुठे तडजोड केली, यावर महागड्या टोनआर्मचा आवाज बराचसा ठरतो. 2022 मध्ये अमेरिकेत एलपींनी नगांच्या विक्रीत सीडींना मागे टाकले, तेव्हापासून लाखांच्या घरातल्या टोनआर्मची चर्चा पुन्हा रंगली आहे. भूमिती मात्र जुनीच आहे.

मूळ लाखतबकडी कोरणारी सुई त्रिज्येवर सरळ सरकते. टोनआर्म एका आसाभोवती कमान काढतो. त्यामुळे सुईचा कोन चुकतो. लॉफग्रेन (1938) आणि बेअरवाल्ड (1941) यांनी ही चूक कमीत कमी कशी ठेवावी याचे गणित मांडले. बेअरवाल्डच्या मांडणीत मध्यापासून सुमारे 66 आणि 121 मिलिमीटरवर चूक शून्य होते. नऊ इंची आर्ममध्ये बाहेरच्या कडेला ती 1.9 अंशांच्या आसपास जाते, बारा इंचीत 1.4 अंशांवर थांबते. फायदा खरा आहे, पण लांब आर्म जड होतो आणि त्याचा ताठरपणा टिकवणेही अवघड जाते.

खरा घोळ वजनाचा आहे आणि विक्रेते त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. आर्मचे परिणामी वस्तुमान आणि सुईच्या टांगणीची लवचिकता मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी एक रचना तयार होते. तिची अनुनाद-वारंवारता 8 ते 12 हर्ट्झ असावी. त्याखाली वाकड्या तबकडीचे हेलकावे असतात, वर 20 हर्ट्झपासून संगीत सुरू होते. हिशेब साधा आहे: आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांच्या ग्रॅममधल्या बेरजेला लवचिकतेच्या आकड्याने गुणायचे, वर्गमूळ काढायचे आणि 159 ला त्याने भागायचे. 10 ग्रॅमचा आर्म, 6 ग्रॅमचे कार्ट्रिज, 1 ग्रॅमचे स्क्रू आणि लवचिकता 15 असेल, तर उत्तर 10 हर्ट्झ येते. तेच कार्ट्रिज 30 लवचिकतेचे आणि आर्म 25 ग्रॅमचा असेल, तर 5 हर्ट्झ. अशी जोडी कितीही पैसे मोजून घेतली तरी तबकडी जरा वाकडी असली की वूफरचा पडदा आत-बाहेर डोलू लागतो. म्हणून डेनॉनच्या डीएल-103 सारखे ताठ टांगणीचे कार्ट्रिज जड आर्मवर खुलते आणि मऊ टांगणीचे हलक्यावर.

आसाच्या रचनेत मतभेद जास्त आहेत. एसएमईने 1959 मध्ये बाजारात आणलेल्या आर्मचा उभा डोल सुरीच्या पात्यासारख्या धारेवर तोललेला होता. त्यांच्या 3009 च्या नंतरच्या आवृत्त्यांवर सुईला मध्याकडे खेचणाऱ्या आतल्या ओढीला तोलणारे छोटे वजन नायलॉनच्या दोऱ्याने लोंबकळते. नेमच्या आरोसारखा आर्म एकाच टोकावर उभा असतो: घर्षण नगण्य, पण तो बाजूला कलंडतो. रेगाच्या आरबी300 ने 1983 मध्ये एकसंध ओतीव नळी देऊन ताठरपणा मध्यमवर्गीय किमतीत आणला. त्यानंतर दसपट किमतीच्या आर्मना आपली किंमत पटवून द्यावी लागली, आणि सगळ्यांना ते जमलेले नाही. सरळ रेषेत सरकणारे आर्म कोनाची चूक आणि आतली ओढ दोन्ही जवळजवळ संपवतात. मात्र हवेवर तरंगणाऱ्या जातीला पंप लागतो आणि तिचे आडवे वस्तुमान उभ्याहून बरेच जास्त असते.

दोन आर्मची तुलना करायची तर कार्ट्रिज तेच हवे, भार दशांश ग्रॅमपर्यंत सारखा हवा, कोन प्रोट्रॅक्टरवर नव्याने लावलेला हवा आणि केबलही तीच हवी. एवढे न करता ‘मध्यसप्तकात हवा आहे’ वगैरे शेरे मारले जातात, तेव्हा बऱ्याचदा मांडणीतला फरकच आर्मच्या नावावर खपतो.

2019 च्या अखेरीस एसएमईने सुटे टोनआर्म विकणे थांबवले, त्यामुळे त्यांच्या चाहत्यांना जुन्या बाजाराकडे वळावे लागले. तिथे आधी बेअरिंग पाहावे. बॉल-बेअरिंगचा आर्म असेल तर टोक हलकेच धरून मागे-पुढे हलवायचे. बोटांना खटखट जाणवली, तर नाव कितीही मोठे असो, तो आर्म दुरुस्तीच्या खर्चासह येतो.